गोष्ट की युक्तिवाद? तत्त्वज्ञानाच्या बैठकीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात तलावपाळीच्या आसपास रविवारी संध्याकाळी आम्ही काही जण बसतो, तत्त्वज्ञानातलं काहीतरी वाचतो आणि त्यावर बोलतो. नवीन कोणी ग्रुपवर आलं की साधारण तेच प्रश्न परत येतात, कधी रात्री बाराला पण येतात, म्हणून ते इथे एकत्र केलेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढे पुढे अवघड होत जातात. एकाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल तर तिथे नंबर दिलाय.

१. तत्त्वज्ञान म्हणजे तर्क ना? मग तुम्ही सारख्या गोष्टी का सांगता?

कारण बरेचसे मोठे प्रश्न पहिल्यांदा गोष्टीतूनच विचारले गेलेत. मेल्यावर माणसाचं काय होतं हा प्रश्न कठोपनिषदात नचिकेता यमाच्या घरी जाऊन विचारतो, तीन रात्री उपाशी थांबलेला पोरगा आहे तो, आणि यम त्याला संपत्ती देतो म्हणतो, हत्ती-घोडे देतो म्हणतो, दीर्घायुष्य देतो म्हणतो, फक्त हा प्रश्न सोड. ही लालूच गोष्टीत नसती तर प्रश्नाचं वजन कळलंच नसतं. पण यमाने दिलेलं उत्तर बरोबर आहे का, हे गोष्ट सांगत नाही, ते तपासावं लागतं आणि तिथे तर्क लागतो. आमचं म्हणणं एवढंच आहे की गोष्ट तुम्हाला दाखवते तुम्ही काय काय गृहीत धरून बसलाय, आणि युक्तिवाद दाखवतो की त्या गृहीतकावरून कुठपर्यंत जाता येतं. दोघांनी एकमेकांची परीक्षा घ्यायची, एकाने दुसऱ्याच्या मागे मागे चालायचं नाही.

२. युक्तिवाद म्हणजे नेमकं काय? वादावादी आणि तो एकच का?

नाही. एक जुनं आणि स्वच्छ उदाहरण न्यायदर्शनातलं, म्हणजे आपल्याकडच्या तर्काचा अभ्यास करणाऱ्या परंपरेतलं आहे. डोंगरावर आग आहे, कारण धूर दिसतोय, जिथे धूर तिथे आग जसं स्वयंपाकघरात, या डोंगरावरही तसाच धूर आहे, म्हणून डोंगरावर आग आहे. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन अशा पाच पायऱ्या. यात तिसरी पायरी नीट बघा, नुसता नियम सांगून चालत नाही, 'जसं स्वयंपाकघरात' म्हणावंच लागतं. म्हणजे ज्यांनी आपल्याकडे तर्कशास्त्र उभं केलं त्यांनीच तर्काच्या पोटात सगळ्यांनी पाहिलेल्या एका प्रसंगाला जागा ठेवली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, आणि पुढच्या बऱ्याच उत्तरांचं मूळ इथे आहे.

वादावादीबद्दल म्हणाल तर न्यायसूत्रातच तीन प्रकार केलेत. सत्य शोधायला दोघं बोलतात तो वाद, जिंकायला बोलतात तो जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता फक्त समोरच्याचं पाडत बसायचं ती वितंडा. बैठकीत पहिलाच चालतो, दुसरा सुरू झाला की कोणीतरी चहा सांगून थांबवतं.

३. दृष्टांत, थॉट एक्स्परिमेंट, कादंबरी, पुराणकथा, सगळ्यालाच गोष्ट म्हणायचं का?

बोलताना म्हणतो, पण त्यांची कामं वेगळी आहेत आणि हे गोंधळलं की पुढचं सगळं गोंधळतं.

दृष्टांतात मुद्दा आधीच ठरलेला असतो. महानुभावांच्या दृष्टांतपाठात, जो चक्रधरस्वामींच्या दृष्टांतांवरून केसोबासांनी बांधला, तिथे आधी सूत्र येतं, मग दृष्टांत, आणि मग दार्ष्टांतिक म्हणजे दृष्टांत मूळ मुद्द्याला कसा लागू होतो ते. तेराव्या शतकातल्या मराठीत इतकी शिस्त होती! गोष्ट सांगून मोकळं व्हायचं नाही, ती कुठे बसते ते पण सांगायचं.

थॉट एक्स्परिमेंटमध्ये, म्हणजे मनातल्या मनात करायच्या प्रयोगात, माणसांना बहुतेक वेळा नाव नसतं, गाव नसतं, भूतकाळ नसतो, कारण एकच गोष्ट बदलून बघायची असते आणि बाकी सगळं स्थिर ठेवायचं असतं (प्रश्न ७).

कादंबरी किंवा महाभारतासारखा ग्रंथ याच्या उलट, तिथे माणूस त्याच्या सगळ्या इतिहासासकट येतो आणि मुद्दा काय आहे हे लिहिणाऱ्यालाही लिहिता लिहिता कळत असावं. आणि या तिन्हीत न बसणारंही असतं, विंदा करंदीकरांच्या अष्टदर्शनेमध्ये सात पाश्चात्य तत्त्वज्ञ आणि चार्वाक कवितेतून येतात, तिथे गोष्ट नाही पण नुसता तर्कही नाही.

४. गोष्टीने काही सिद्ध होतं का? हो की नाही तेवढं सांगा.

मोडता येतं, बांधता येत नाही.

'नेहमी', 'सगळ्यांना', 'कुठल्याही परिस्थितीत' असं म्हणणारा कुठलाही नियम मोडायला एक प्रसंग पुरतो. तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलने १९४८ मध्ये दिलेलं घड्याळाचं उदाहरण आपण ठाणे स्टेशनवर आणू. प्लॅटफॉर्मवरचं घड्याळ सहा वाजता बंद पडलंय, तुम्हाला माहीत नाही, दुसऱ्या दिवशी तुम्ही योगायोगाने बरोबर सहालाच वर बघता आणि म्हणता सहा वाजले. तुमचं म्हणणं खरं आहे, आणि घड्याळ बघून म्हणताय म्हणजे कारणही आहे, पण तुम्हाला वेळ 'माहीत' होती असं म्हणवत नाही ना? ज्ञान म्हणजे खरा आणि सकारण विश्वास ही कित्येक शतकं चालत आलेली व्याख्या एडमंड गेटियर या तत्त्वज्ञाने १९६३ मध्ये अशाच दोन छोट्या गोष्टी सांगून हलवली, त्याचा लेख जेमतेम तीन पानांचा आहे. तीन पानं! आणि त्यावर अजून लिहितायत लोक.

आता मोठं उदाहरण, हे शांतपणे वाचा. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७९७ मध्ये एक निबंध लिहिला, प्रश्न असा की खुनी दारात आलाय, विचारतोय तुझा मित्र घरात लपलाय का, खोटं बोलायचं का? कांट म्हणतो नाही. त्याचा तर्क सरळ आहे, खरं बोलणं हे कर्तव्य परिणामांवर अवलंबून ठेवलं तर ते कर्तव्यच राहत नाही, आणि समजा तुम्ही खोटं सांगितलं आणि मित्र तेवढ्यात मागच्या बाजूने बाहेर पडून खुन्याच्याच तावडीत सापडला तर त्याचा दोष तुमच्या खोट्यावर येतो. पायरीगणिक वाचलं तर चूक पटकन सापडत नाही.

महाभारताच्या कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिकाची गोष्ट सांगतो. कौशिक तपस्वी, नेहमी खरंच बोलेन हे व्रत. दरोडेखोरांपासून पळणारी माणसं त्याच्या आश्रमाजवळच्या रानात लपली, मागून दरोडेखोर आले आणि त्याला विचारलं, त्याने खरं सांगितलं, माणसं मारली गेली, आणि कौशिक नरकात गेला. आणि ही गोष्ट कृष्ण सांगतो तो प्रसंग बघा, गांडीव दुसऱ्याला दे असं म्हणणाऱ्याला मारेन हे अर्जुनाचं व्रत, ते वाक्य चिडून युधिष्ठिरच बोललाय, आणि अर्जुन तलवार काढून मोठ्या भावाला मारायला निघालाय. म्हणजे गोष्टीच्या आत गोष्ट, आणि दोन्हीत व्रत पाळणाराच चुकतोय.

कौशिकाच्या गोष्टीने कांट चुकीचा ठरला का? तर्काच्या पायऱ्या जशा होत्या तशाच आहेत. पण एक गृहीतक उघडं पडलं, की माझं बोलणं स्वच्छ राहिलं म्हणजे माझं कर्तव्य संपलं. कौशिक फक्त स्वतःच्या व्रताकडे बघत होता, रानातल्या माणसांकडे त्याने बघितलंच नाही. हे गृहीतक एकदा दिसलं की त्यावर वाद घालता येतो, त्याआधी येत नव्हता. त्याचबरोबर कौशिकाच्या गोष्टीवरून 'खोटं केव्हा बोलावं' याचा नियम निघत नाही, तो काढायचा तर परत तर्काकडेच यावं लागतं. म्हणून पहिलं वाक्य तसं लिहिलंय.

५. प्लेटोने तर कवींना नगरातून हाकलून दिलं, मग तुम्ही त्याचाच आधार कसा घेता?

हाकललं हे खरं आहे, त्याच्या रिपब्लिक या ग्रंथाच्या दहाव्या भागात कवितेविरुद्ध कडक युक्तिवाद आहे. पण तोच दहावा भाग संपतो तो एर नावाच्या सैनिकाच्या गोष्टीवर, लढाईत मेलेला, परत जिवंत होऊन परलोकात काय बघितलं ते सांगणारा. त्याआधी दुसऱ्या भागात गायगीसची अंगठी, घातली की माणूस अदृश्य, मग कोणी बघत नसताना न्यायाने का वागावं? सातव्या भागात गुहा, जिथे बांधून ठेवलेली माणसं भिंतीवरच्या सावल्यांनाच खरं समजतात. आणि मुळात सगळं पुस्तकच संवाद आहे, माणसं एकमेकांवर वैतागतात, निघून जायला बघतात.

माझ्या मते त्याची भीती गोष्टींची नव्हती, तपासणी न होणाऱ्या गोष्टींची होती. अंगठीची गोष्ट आल्यावर पुढचे आठ भाग तिला उत्तर द्यायचा प्रयत्न चालतो. हे कवीच्या बाबतीत होत नाही, कवी गाऊन जातो आणि ऐकणारा भारावून घरी जातो, त्याची तक्रार ती होती.

६. आपल्या परंपरेत गोष्टी आणि लॉजिक पाश्चात्यांचं, असं म्हणतात ते बरोबर ना?

अजिबात नाही, आणि हे वाक्य ग्रुपवर वारंवार येतं म्हणून जरा ठासून सांगते. न्यायाच्या पाच पायऱ्या प्रश्न २ मध्ये आल्याच. चौदाव्या शतकात मिथिलेत गंगेशाने तत्त्वचिंतामणी लिहिला आणि त्यातून नव्यन्याय, म्हणजे न्यायदर्शनाची नवी शाखा उभी राहिली, ती वाचायला इतकी काटेकोर आहे की भले भले थकतात. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुन एकही गोष्ट न सांगता पानंच्या पानं प्रतिपक्षाची गृहीतकं तोडत जातो. आपल्याकडे शास्त्रग्रंथ लिहायचा तर आधी पूर्वपक्ष मांडावा लागायचा, म्हणजे समोरच्याचं म्हणणं.

आणि मराठीतच बघा ना. ज्ञानेश्वरी, शके १२१२, दृष्टांतांनी भरलेली. त्याच ज्ञानेश्वरांचा अमृतानुभव घ्या, त्यात अज्ञानखंडन म्हणून मोठं प्रकरण आहे, अज्ञान अशी काही वस्तू आहे असं मानणाऱ्याचं म्हणणं एकेक करून तपासलंय. दृष्टांत तिथेही येतात पण चाल खंडनाची आहे.

उलट ज्याला आपण निव्वळ गोष्ट समजतो तिथेही तर्क असतो. द्यूतसभेत द्रौपदी विचारते काय? आधी स्वतःला हरलात की मला? स्वतःला हरलेला माणूस दास झाला, दासाचं स्वतःचं काही नसतं, मग तो दुसऱ्याला पणाला कसा लावणार? हा शुद्ध युक्तिवाद आहे. भीष्म म्हणतात धर्म सूक्ष्म आहे, मला निर्णय देता येत नाही. विकर्ण तिच्या बाजूने मुद्दे मांडतो, कर्ण त्याला उत्तर देतो की युधिष्ठिराने सर्वस्व लावलं त्यातच ती आली. वाद रीतसर चाललाय, आणि तो चालू असताना एका बाईला केस धरून ओढत आणलंय. नुसता वाद लिहिला असता तर कायद्यातला एक कूट प्रश्न वाटला असता, नुसतं ओढत आणणं लिहिलं असतं तर अत्याचार दिसला असता. दोन्ही एकत्र आहे म्हणून तिसरंच काहीतरी कळतं, की अशा वेळी 'धर्म सूक्ष्म आहे' म्हणून गप्प बसणं ही सुद्धा एक कृती आहे.

७. ट्रॉली प्रॉब्लेम ही गोष्ट आहे की आर्ग्युमेंट?

गोष्टीच्या वेषातला युक्तिवाद आहे, आणि बहुतेक ठिकाणी तो अर्धाच सांगितला जातो. गाडी थांबवता येत नाही, पुढे रुळावर पाच माणसं आहेत, दुसऱ्या रुळावर एक, गाडी त्या एकाकडे वळवायची का? तत्त्वज्ञ फिलिपा फूट यांनी हा प्रश्न १९६७ मध्ये मांडला तेव्हा त्यासोबत दुसरी गोष्ट होती. एक न्यायाधीश, बाहेर दंगल पेटायची वेळ, जमाव म्हणतोय गुन्हेगार द्या, नाहीतर माणसं मारू, खरा गुन्हेगार सापडत नाही, तर निरपराध माणसाला फाशी द्यायचं का? पाच वाचवायला एकाकडे गाडी वळवणं चालेल असं वाटतं, मग हे का चालत नाही, दोन्हीकडे हिशेब तर तोच? खरा प्रश्न या दोन गोष्टींच्या मधल्या फरकात आहे. पुलावरून माणूस ढकलायचा भाग नंतर ज्युडिथ जार्विस थॉमसन यांनी आणला.

इथे रूळ, लोकल, मोटरमन वगैरे तपशील घालून रंगवू नका. ग्रुपवर एकदा ती गाडी कळव्याच्या फाटकाजवळ आणली गेली आणि सगळी चर्चा ब्रेक लागेल का आणि माणसं रुळावर आलीच कशी यावर गेली. तपशील काढून टाकलेत ते मुद्दाम, त्यात चूक शोधायची असेल तर 'खऱ्या आयुष्यात असं कधी कळतं का की नक्की पाचच मरणार' हा आक्षेप घ्या, तो मात्र गंभीर आहे.

८. विक्रम-वेताळ यात कुठे बसतो?

मला विचाराल तर ही आपल्याकडची सर्वात हुशार रचना आहे. वेताळ गोष्ट सांगतो पण ती संपवत नाही, शेवटी प्रश्न विचारतो आणि राजाने कारणासकट उत्तर द्यायचं असतं. कथासरित्सागरात एक आहे, नवरा आणि भाऊ दोघांची डोकी तुटलीत, देवीच्या वराने बाई ती परत जोडते पण घाईत अदलाबदल होते, आता तिचा नवरा कोण? राजा म्हणतो नवऱ्याचं डोकं ज्या धडावर तो, कारण शरीरात डोकं प्रधान. सोमदेव अकराव्या शतकातला. इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉकने मानवी आकलनावरच्या आपल्या ग्रंथाच्या १६९४ च्या आवृत्तीत राजपुत्राचं मन चांभाराच्या शरीरात गेलं तर कोण कोण, हा प्रश्न घेतला, आणि त्याचं उत्तर आठवणीवर, जाणिवेवर बेतलेलं आहे. दोघांची उत्तरं शेजारी ठेवून बघा, डोकं प्रधान म्हणताना राजाला मेंदू म्हणायचंय, चेहरा म्हणायचंय की अजून काही?

९. गोष्ट फसवू शकते ना? ओळखायचं कसं?

फसवते, आणि चांगली सांगितलेली जास्त फसवते. हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, उदान या पाली बौद्ध ग्रंथात आहे, जैन लोक अनेकान्तवाद, म्हणजे सत्याला अनेक बाजू असतात हा विचार, समजावताना सांगतात, दृष्टांतपाठातही आहे. कोणाला हत्ती सुपासारखा, कोणाला खांबासारखा. ऐकून वाटतं, खरंच, सगळ्यांचं थोडं थोडं बरोबर असतं. पण थांबा. गोष्ट सांगणाऱ्याला अख्खा हत्ती दिसतोय! उदानात तर राजा बसून बघतोय. म्हणजे 'सगळ्यांचं दर्शन अपुरं असतं' हे सांगायला अशा माणसाची गरज पडली ज्याचं दर्शन पुरं आहे. मग तो कोण, आणि त्याला कसं दिसलं? हा प्रश्न गोष्ट विचारू देत नाही, कारण आपण ऐकताना आपोआप राजाच्या शेजारी जाऊन बसतो.

मी स्वतः वापरते ती कसोटी अशी, की गोष्टीत ज्याला चुकीचं ठरवलंय त्याच्या बाजूने तीच गोष्ट परत सांगून बघायची. मोडून पडली तर लेखकाने समोरच्याला आधीच हात बांधून उभं केलं होतं. कौशिकाची सांगून बघा, मोडत नाही, त्याचं व्रत खरंच अवघड होतं आणि तो लबाड नव्हता.

१०. आणि तर्क फसवत नाही?

फसवतो. पायऱ्या बरोबर आणि सुरुवातच चुकीची असली तर चुकीच्या जागी पूर्ण आत्मविश्वासाने पोचता येतं. उलटंही होतं, झेनो या ग्रीक विचारवंताच्या युक्तिवादाप्रमाणे, कासवाला थोडी आघाडी दिली तर वेगवान अकिलीसलाही ते कधीच गाठता येत नाही, कारण तो तिथे पोचेपर्यंत ते थोडं पुढे गेलेलं असतं, आपल्याला माहीत आहे गाठतो, पण चूक नक्की कुठल्या पायरीत आहे हे नीट सांगायला गणिताला दोन हजारांहून जास्त वर्षं लागली. म्हणून निष्कर्ष वेडा वाटला तरी लगेच हसू नका, पायरी शोधा.

११. कीर्तनात दोन्ही असतं की! मग हा वाद कशाला?

बरोबर पकडलंत. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात अभंग घेऊन निरूपण होतं, मुद्दा उलगडला जातो, आणि उत्तररंगात आख्यान लागतं. क्रम बघण्यासारखा आहे, आधी निरूपण आणि मग गोष्ट, म्हणजे आख्यान ऐकताना श्रोत्याच्या हातात आधीच प्रश्न असतो. फक्त एक अडचण आहे, आख्यान हे पूर्वरंगातल्या मुद्द्याला पाठिंबा द्यायला निवडलेलं असतं, त्याला विरोध करणारं आख्यान सहसा लागत नाही. ते आम्ही बैठकीत करून बघतो, मुद्दा मांडून झाला की दुसऱ्या कोणीतरी तो अडचणीत आणणारी गोष्ट आणायची.

१२. गोष्टीचं तात्पर्य एका ओळीत सांगता आलं पाहिजे ना?

दृष्टांताचं हो. बाकीच्यांचं एका ओळीत निघालं तर गोष्ट सांगायची गरजच नव्हती. (प्रश्न ३)

१३. हे सगळं ठीक, पण रोजच्या आयुष्यात उपयोग काय? आमच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट अडलंय.

हेच उदाहरण घेऊ, नौपाड्यात आणि पाचपाखाडीत दर दुसऱ्या गल्लीत चाललंय. युक्तिवाद असा असतो, बिल्डिंग जुनी आहे, नवीन घर मोठं मिळणार, बहुतेकांना मान्य आहे, म्हणून सगळ्यांच्या भल्याचं आहे, म्हणून सही न करणारे आडमुठे आहेत. आता तिसऱ्या मजल्यावरच्या आजींची गोष्ट ऐका. एकट्या राहतात, घराची एक किल्ली समोरच्या वहिनींकडे असते, सकाळी दुधाची पिशवी दारात तशीच दिसली की वहिनी किल्ली लावून आत जातात. काम चालेल तोवर भाड्याने घोडबंदर रोडला राहायचं, तिथे किल्ली कोणाकडे? गोष्टीने काय केलं बघा, 'भलं' हे वरच्या युक्तिवादात स्क्वेअर फुटात मोजलं होतं आणि कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

पण इथे थांबलात तर तुम्ही गोष्टीला शरण गेलात. कारण चौथ्या मजल्यावर गुडघ्याचं ऑपरेशन झालेले काका आहेत, लिफ्ट नाही, दोन-दोन महिने खाली उतरत नाहीत. त्यांचीही गोष्ट तितकीच खरी. दोन खऱ्या गोष्टी समोरासमोर आल्या की त्यांच्यात निवाडा करायला तिसरी गोष्ट कामाची नाही, आता मोजायचं काय, कोणाचं नुकसान भरून निघू शकतं, कोणाचं नाही, हे बोलावं लागतं, कारणं देऊन. कदाचित आजी आणि वहिनींना भाड्याची घरं शेजारी शेजारी मिळवून देणं हा तोडगा निघेल, पण तो सुचायला आधी किल्ली दिसायला हवी होती.

१४. युक्तिवादात आणताच येत नाही असं काही असतं का?

अमेरिकन तत्त्वज्ञ मार्था नुसबॉम यांचं म्हणणं साधारण असं आहे की माणसाच्या आयुष्याबद्दलची काही सत्यं कथनातच नीट मांडता येतात, कारण तपशीलाकडे लक्ष देणं हाच नैतिक शहाणपणाचा भाग आहे, आणि कोरड्या भाषेत लिहिताना तेच लक्ष गळून पडतं. मला हे बऱ्यापैकी पटतं. मात्र 'हे तर्कात येत नाही' हे वाक्य लोक चर्चा बंद करायला पण वापरतात, तेव्हा निदान काय येत नाही आणि का येत नाही हे सांगायची जबाबदारी बोलणाऱ्यावर राहते, आणि ते सांगणं म्हणजे युक्तिवादच.

१५. एकाच विचारवंताने दोन्ही लिहिलं असेल तर आधी काय वाचू?

फ्रेंच लेखक आल्बेर कामूचं उदाहरण सोपं आहे, त्याची 'द स्ट्रेंजर' ही कादंबरी आणि 'द मिथ ऑफ सिसिफस' हा निरर्थकतेवरचा निबंध दोन्ही १९४२ चे. आधी कादंबरी वाचा, आणि निबंध कादंबरीची गाइड म्हणून वाचू नका. कादंबरीतला माणूस निबंधात न बसणाऱ्या किती गोष्टी करतो त्या बाजूला लिहून ठेवा, खरी चर्चा तिथे होते. पुस्तकं हवी असतील तर मराठी ग्रंथसंग्रहालयात आधी विचारा, ठाण्यात ते १८९३ पासून आहे.

१६. गोष्ट वाचून माझं मत बदललं पण कारण विचारलं की सांगता येत नाही. मग ते मत सोडून द्यायचं का?

सोडू नका. कारण सापडत नाही म्हणजे कारण नाही असं होत नाही, प्रश्न ४ मधल्या घड्याळासारखं आधी फक्त 'हे जमत नाहीये' एवढंच जाणवतं आणि शब्द मागून येतात. गोष्ट परत वाचा आणि त्यात तुम्ही आधी न मोजलेलं काय दिसलं ते एका वाक्यात लिहायचा प्रयत्न करा, मग प्रश्न ९ मधली कसोटी लावा.

पण तोपर्यंत ते मत कोणावर चालवायचं यात फरक करा. समजा एखादी गोष्ट वाचून तुम्ही मटण-मासे सोडलेत. तुमच्या ताटापुरतं तेवढं पुरेसं आहे, कोणाला कारण द्यायची गरज नाही. उद्या मात्र सोसायटीच्या मीटिंगमध्ये 'मासे खाणाऱ्याला घर द्यायचं नाही' असा ठराव तुम्ही मांडणार असाल तर ती गोष्ट पुरत नाही, तिथे समोरच्या कोळी शेजाऱ्याला तपासता येईल आणि खोडता येईल असं कारण द्यावं लागेल, आणि त्याची गोष्टही पूर्ण ऐकून घ्यावी लागेल.